घराचे दुसरे दार

वाचकहो, आमच्या छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादला, बावन्न दरवाजांचे शहर म्हणतात. भडकल दरवाजा, दिल्ली दरवाजा, मकई दरवाजा, पैठण दरवाजा. यांतले काही आजही दिमाखाने उभे आहेत, काही नावापुरते उरले आहेत. पाहुणा आला की आम्ही मोठ्या कौतुकाने त्याला हे दरवाजे दाखवून आणतो. पण कधी रात्री अकराच्या सुमारास आमच्या एखाद्या वस्तीतून फेरी मारून पाहा. खिडक्यांना लोखंडी गज, जिन्याच्या तोंडाशी चॅनेल गेट, त्याला भले मोठे कुलूप, गच्चीच्या दाराला दुसरे कुलूप. आणि किल्ल्या कुठे? तर घरातल्या एकाच माणसाच्या खिशात किंवा उशाखाली. बावन्न दरवाजांच्या शहरात आपण एका दाराच्या घरात झोपतो, आणि ते एक दारही अंधारात उघडता येईल याची खात्री नसते.

आजचा विषय साधा आहे. अचानक संकट आले, तर घरातल्या सर्वांनी बाहेर कसे पडायचे? हा विषय काढला की घरातली वडीलधारी माणसे कपाळाला आठ्या घालतात. ‘शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला लागली आग’ अशी आपल्याकडे म्हणच आहे. मला मात्र त्या बिचाऱ्या नाऱ्याचा कधी राग येत नाही. मांडवाला खरोखरच आग लागली असेल, तर त्या घटकेला त्याहून शुभ बोलणे दुसरे कोणते? नाऱ्याचे चुकले असेलच तर एवढेच, की तो उशिरा बोलला. आग लागण्यापूर्वी, मांडव घालतानाच त्याने विचारायला हवे होते, ‘अहो, याला मागून वाट ठेवलीत का?’

हा प्रश्न आमच्या शहराला फार कठोरपणे विचारला गेला आहे. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे चारच्या सुमारास छावणी भागातील एका इमारतीत आग लागली. तळमजल्यावर शिवणकामाचे दुकान होते आणि वर कुटुंबे राहत होती. त्या आगीत एकाच कुटुंबातील सात माणसे गेली. त्यांत लहान मुलेही होती. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचली नव्हती, धुराने गुदमरून ती गेली असावीत, असे पोलिसांनी प्राथमिक पाहणीनंतर सांगितले. हे वाक्य आपण सर्वांनी नीट ध्यानात घेतले पाहिजे. आपण आगीला भितो ते ज्वाळांमुळे. पण झोपलेल्या माणसाला ज्वाळेच्या आधी धूर गाठतो.

असे का होते, ते समजून घ्यायला लांब जायला नको. दौलताबादचा, म्हणजे देवगिरीचा किल्ला आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्यातली ‘अंधारी’ आठवा. डोंगराच्या पोटातून वर चढत जाणारा तो वळणावळणांचा काळोखा मार्ग. शत्रू त्यात शिरलाच, तर वरच्या टोकाशी विस्तव पेटवून तो मार्ग धगीने आणि धुराने बंद करण्याची सोय होती, असे किल्ला दाखवणारे सांगतात. तलवार नको, तोफ नको; अरुंद वाटेतला धूरच पुरे. आता आपल्या घराचा जिना पाहा. अरुंद, वर चढत जाणारा, बहुधा वरून बंद. गरम धूर हलका असतो, तो वर जातो. आणि खालच्या मजल्यावर आग लागली की जिना हेच त्याचे धुराडे होते. किल्ला बांधणाऱ्यांनी शत्रूसाठी जे योजले, ते आपण नकळत आपल्याच बायकामुलांसाठी बांधून ठेवतो. चोर आत येऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त आपल्याला बाहेर जाऊ देत नाही.

त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक चिकटून बसतो. माणसाला गुंगी येते, हातपाय ढिले पडतात. ‘धुराचा वास आला की जाग येईलच’ या भरवशावर कुणी राहू नये. झोपेत नाकही झोपलेले असते. म्हणून आज धूर येताच मोठ्याने वाजणारे छोटे यंत्र मिळते, ते जिन्यात आणि झोपण्याच्या खोलीबाहेर लावलेले बरे.

आता योजना कशी करावी ते पाहू. संकटे पुष्कळ आहेत, पण घर सोडण्याच्या दृष्टीने त्यांचे तीनच प्रकार पडतात, आणि ते ठरतात हातात असलेल्या वेळावरून. काही संकटे सेकंद देतात, काही मिनिटे देतात, काही तास देतात. किती वेळ आहे हे ओळखणे, ही निम्मी तयारी.

प्रथम मिनिटांचे संकट, म्हणजे आग. आपल्या हाती दोन-तीन मिनिटे आहेत असाच हिशेब धरावा. या अवधीत फक्त माणसे बाहेर काढायची, वस्तू नाही. ज्याला प्रथम कळेल त्याने संकोच न करता ओरडायचे. बंद दार उघडण्यापूर्वी हाताच्या मागच्या बाजूने चाचपून पाहायचे. गरम लागले तर ते उघडायचे नाही, दुसरी वाट धरायची. धुरातून जावेच लागले तर खाली वाकून, वेळ पडल्यास रांगत, भिंतीच्या कडेने जायचे. कारण श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत अधिक वेळ टिकते. बाहेर पडताना मागचे दार नुसते ओढून घ्यायचे, कुलूप लावायचे नाही. बंद दार धूर आणि आग थोपवून धरते, आणि तेवढ्याने दुसऱ्या कुणाला वेळ मिळतो.

आणि जिनाच धुराने भरला असेल तर? तर त्यात उतरायचे नाही. गच्चीची वाट मोकळी असेल आणि शेजारच्या गच्चीवर सुरक्षित जाता येत असेल, तर ती उत्तमच. तीही नसेल तर रस्त्याकडच्या खोलीत सर्वांनी जमावे, दार लावावे, दाराच्या फटीत ओल्या चादरी कोंबाव्यात आणि खिडकीतून हाका माराव्यात, बॅटरी दाखवावी. बाहेर पडल्यावर आधी माणसे मोजावी, मग फोन करावा: अग्निशमन दलासाठी १०१, कोणत्याही संकटासाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या एकाही बटणाला हात न लावता बाहेर यावे आणि बाहेरूनच १९०६ वर कळवावे.

हे सर्व तेव्हाच शक्य, जेव्हा घराला दुसरी वाट असेल. म्हणून खिडकीच्या गजांचा एक भाग तरी बिजागरीवर उघडणारा करून घ्या. लोहाराचे एका दिवसाचे काम आहे. जिन्यात रद्दी, जुनी गादी, सायकली ठेवू नका. विजेवर चालणारी दुचाकी जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. ती पेटली तर आपल्या एकुलत्या एका वाटेवरच पेटेल.

दुसरे संकट सेकंदांचे, म्हणजे भूकंप. मराठवाड्याच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे कमी असताना, किल्लारी आणि परिसर हादरला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. माणसे दमून गाढ झोपली होती. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. भूकंपापेक्षा घरांनी अधिक माणसे मारली असे म्हटले तर चूक होणार नाही. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे हे घर कोसळले की माणूस दगडमातीच्या ढिगाखाली गाडला जातो.

इथे सेकंदांत काय करायचे? पक्क्या सिमेंट-काँक्रीटच्या घरात असाल तर धक्के चालू असताना जिन्याकडे धावू नका. जागीच खाली बसा, मजबूत टेबलाखाली शिरा, डोके झाका आणि टेबलाचा पाय धरून ठेवा. हादरे थांबले की मग पायऱ्यांनी बाहेर पडा, लिफ्टने नाही. घर जुने, दगडमातीचे आणि माळवदाचे असेल, तुम्ही तळमजल्यावर असाल आणि दार दोन पावलांवर असेल, तर मात्र ताबडतोब उघड्यावर या. अशा घरात म्हातारी माणसे आणि मुले यांची अंथरुणे दाराजवळ असावीत, छतावरचा मातीचा थर हलका करून घ्यावा. ‘ते आता जुने झाले’ असे म्हणू नका. २०२४ च्या जुलैतही हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचा धक्का बसला आणि मराठवाड्यातल्या अनेक गावांत माणसे सकाळी सकाळी घराबाहेर आली.

तिसरे संकट तासांचे, म्हणजे पूर. आमच्याच जिल्ह्यातले पैठण पाहा. १९७६ साली जायकवाडीचे धरण राष्ट्राला अर्पण झाले. त्याच्या नाथसागराला सत्तावीस दरवाजे आहेत. हे दरवाजे कधी मोठे उघडावे लागतात. मग गोदावरीकाठच्या सखल वस्त्यांना घरे सोडावी लागतात. २००६ च्या ऑगस्टात असे झाले, २०२५ च्या सप्टेंबरअखेर पुन्हा झाले. अशा वेळी सूचना मिळते, दवंडीची जागा घेतलेला ध्वनिक्षेपक गल्लीतून फिरतो. म्हणजे वेळ असतो. पण माणूस तो वेळ ‘बघू या, पाणी कुठवर येतंय ते’ यात घालवतो. पाणी मात्र रात्री चढते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, तेव्हा आदल्या रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचून ते सावरून धरले होते. त्यामुळे पुण्यावर पूर आला तो दिवसाउजेडी. झोपलेल्या माणसांवर आला नाही. संकटात काही तासांचे मोल किती, ते यावरून कळते. तेव्हा पुराची सूचना येताच विजेचे मेन बटण आणि गॅस बंद करा, गोठ्यातली दावी सोडा आणि उजेड आहे तोवर निघा. तासांच्या संकटात तेवढी पिशवी बरोबर घ्यायची मुभा आहे: आधार आणि रेशनकार्ड, घराची कागदपत्रे, रोजची औषधे, चष्मा, बॅटरी, थोडे रोख पैसे, पाणी आणि लहान मुलाचे खाणे. ही पिशवी चातुर्मास सुरू होण्यापूर्वीच भरून खुंटीला लावलेली असावी. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

वाचकहो, लोकांना शहाणपण सांगायचे आणि आपल्या घरात अंधार, असे होऊ नये म्हणून मी आमच्या घरी तालीम करून पाहिली. आम्ही गारखेड्यात पहिल्या मजल्यावर राहतो. घरात आई, सौ., नववीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. एका शनिवारी रात्री दहा वाजता मी दिवे मालवले आणि ओरडलो, ‘आग! बाहेर चला!’ मनात म्हटले, दोन मिनिटांत सगळे खाली येतील. हातात घड्याळ होते. किती वेळ लागला असेल? सहा मिनिटे आणि वर काही सेकंद!

का? ऐका. चॅनेल गेटची किल्ली माझ्या कॉलेजच्या पिशवीत होती आणि पिशवी कुठे ठेवली ते मलाच आठवेना. थोरली मोबाइल शोधत बसली. धाकटा पलंगाखाली लपला. त्याला भीती वाटली की तो नेहमी तिथेच लपतो. लहान मुले आगीतही अशीच लपतात, हे मला वाचून ठाऊक होते. पण आपला मुलगा तसे करील हे सुचले नव्हते. सौ. आईचा हात धरून जिन्यापर्यंत आली, तो मी म्हणालो, ‘थांबा, माझी प्रमाणपत्रांची फाइल घेतो,’ आणि मागे वळलो.

तशी आई अंधारातच म्हणाली, “अरे, जाऊ नकोस. तुझे वडीलपण असेच गेले होते.”

मी जागच्या जागी थांबलो. १९९३ साली आम्ही लातुरात होतो. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. त्या पहाटे आईने आम्हा भावंडांना ओढत अंगणात आणले. वडीलही बाहेर आले होते, पण नोकरीचे कागद आणायला ते पुन्हा आत गेले. जमीन थांबून थांबून हलत होती. ते सुखरूप परत आले, हातात पत्र्याची पेटी घेऊन. आमच्या घरात पुढे ती गोष्ट वडिलांच्या धीराची म्हणून सांगितली जाई. आई त्यावर कधी काही बोलली नाही. त्या शनिवारी मात्र बोलली.

“पेटी घेऊन आले ते सगळ्यांना दिसलं. ते आत होते तेवढा वेळ मी काय केलं, ते कुणी विचारलं नाही. मी मोजत होते. तुम्हा पोरांना दोन हातांनी धरलं होतं आणि मोजत होते. दोनशेच्या पुढे गेले, मग मोजणं सुटलं.”

त्या रात्री आम्ही दिवे लावून सगळे बसलो आणि पाच गोष्टी कागदावर लिहिल्या. त्या तुम्हालाही सांगतो.

एक, प्रत्येक खोलीतून बाहेर जायच्या दोन वाटा प्रत्येकाला ठाऊक असाव्यात. दुसरी वाट नसेल तर ती करून घ्यावी.

दोन, गेटची किल्ली दाराशेजारी ठरलेल्या खिळ्यावरच राहील. बाहेरून कुणाचा हात पोहोचणार नाही, पण धाकट्याचा पोहोचेल अशा उंचीवर. गच्चीच्या दाराची किल्ली त्याच्याच शेजारी.

तीन, कोण कोणाला घेणार हे ठरलेले असावे. आईला सौ.ने धरायचे, धाकट्याला मी. थोरलीने गेट उघडायचे. ज्याच्याकडे काम आहे त्याने तेवढेच करायचे.

चार, भेटायची जागा एकच: समोरच्या रस्त्यापलीकडचा लिंब. तिथे आई माणसे मोजणार.

पाच, एकदा बाहेर पडलेला माणूस पुन्हा आत जाणार नाही. फाइलीसाठी नाही, दागिन्यासाठी नाही. कुणी आत राहिले असेल तर ते कोणत्या खोलीत आहे, हे अग्निशमनाच्या माणसांना सांगायचे.

यांतला चौथा नियम लहानसा दिसतो, पण पाचवा त्याच्यावरच उभा आहे. माणसे आत परत का जातात? पुष्कळदा आपले माणूस आत राहिले असेल या शंकेने. तो आधीच मागच्या वाटेने बाहेर पडलेला असतो, आणि त्याला शोधणारा आत सापडतो. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर सुनामीच्या लाटा पिढ्यानपिढ्या येत आल्या आहेत. तिथले लोक म्हणतात, लाट आली की ज्याने त्याने आपापले उंचावर पळावे. ऐकायला हे आप्पलपोटेपणाचे वाटते. पण तसे नाही. मुलगा पळतो तो आई पळालीच असेल या विश्वासाने, आणि आई पळते ती मुलाच्या विश्वासाने. असा विश्वास आधी बोलून ठेवल्याशिवाय येत नाही. ११ मार्च २०११ च्या सुनामीत कामाइशी या गावातली जवळजवळ तीन हजार शाळकरी मुले, अगदी मोजकी सोडता, वाचली. त्यांनी हा सराव पुन्हा पुन्हा केला होता. आमच्या घरी रस्त्यापलीकडचा लिंब म्हणजे तोच विश्वास आहे.

आम्ही दुसरी तालीम पंधरा दिवसांनी केली. या वेळी वेळ लागला एक मिनिट आणि पन्नास सेकंद. धाकटा पलंगाखाली गेला नाही. ‘मला बाबांनी धरायचंय’ म्हणत तो स्वतःच माझ्याकडे आला. आईने लिंबाखाली माणसे मोजली, ‘एक, दोन, तीन, चार,’ आणि स्वतःवर बोट ठेवून ‘पाच’. मोजून झाल्यावर ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, “चला आता, थंडी आहे.”

तालीम वर्षातून दोनदा करावी, त्यांतली एक तरी रात्री, दिवे मालवून. दिवाळीच्या साफसफाईत एक आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी एक, असे ठरवले की विसर पडत नाही. भाड्याचे घर असेल तर घरमालकाशी बोला. वाडा किंवा इमारत असेल तर सर्व बिऱ्हाडे मिळून करा. कोणत्या बिऱ्हाडात म्हातारे माणूस एकटे आहे, कोणाला चालता येत नाही, हे शेजाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे. यात खर्च असा फारसा नाही. एक खिळा, एक बॅटरी, एक पिशवी आणि घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बोललेला अर्धा तास.

आज रात्री दार लावून घ्याल, तेव्हा क्षणभर दाराशी थांबा. किल्ली कुठे आहे, हे घरातल्या सर्वांत लहान मुलाला विचारा. त्याला सांगता आले, तर खुशाल झोपा. नाही आले, तर दिवा मालवण्यापूर्वी एक खिळा ठोका.